मदत हवी आहे : 'व्हर्बली' म्हणजे तोंडीच ना?

इंग्रजीच्या जाणकारांनो, जरा शंका फेडा. ऑफिसच्या मेलमध्ये मी 'ॲज डिस्कस्ड व्हर्बली' असं लिहिलं होतं. साहेबांनी 'व्हर्बली' खोडून 'ओरली' केलं. आता 'ओरली' म्हटलं की मला औषधाचा डोसच आठवतो! शब्दकोशात तर व्हर्बलीचा 'तोंडी' हा अर्थ सरळ दिलेला आहे. शिवाय नॉन-व्हर्बल म्हणजे न बोलता, मग व्हर्बल म्हणजे बोलूनच झालं की. आणि हे 'व्हर्बॅटिम' त्यातलंच का?

प्रतिसाद १
तुमचं चूक नाही, साहेब जास्त काटेकोर आहेत इतकंच. लॅटिनमध्ये 'व्हर्बम' म्हणजे शब्द, आणि 'ओरल' ज्यावरून आलं तो 'ओस' म्हणजे तोंड. त्यामुळे व्हर्बल म्हणजे मुळात शब्दांतून. मग ते बोला नाहीतर लिहा. जीआरई या पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेतल्या 'व्हर्बल रीझनिंग'मध्ये तोंड उघडावंच लागत नाही, सगळं वाचूनच सोडवायचं असतं. त्याहून गंमत म्हणजे राजनैतिक व्यवहारातली 'नोट व्हर्बाल'. नाव असं, पण ती चक्क लेखी असते, तृतीयपुरुषी भाषेत आणि सहसा सहीविना.

'तोंडी' हा अर्थही इंग्रजीत काही शतकं रुळलेला आहे, म्हणून शब्दकोश तो देतात. अडतं ते करारमदारात. लेखी करारही शब्दांतच असतो, तेव्हा 'व्हर्बल ॲग्रीमेंट' म्हटलं की फाटे फुटायला वाव राहतो. काटेकोर मसुदा करणारे म्हणून तिथे 'ओरल' लिहितात.

नॉन-व्हर्बल म्हणजे न बोलता नव्हे, शब्दांविना : हातवारे, चेहऱ्यावरचे भाव वगैरे. पण कर्णबधिरांची खुणांची भाषा त्यात धरू नका. ती पूर्ण भाषा आहे, तिला शब्द आहेत, व्याकरण आहे. ती ओरल नाही, व्हर्बल मात्र आहे.

व्हर्बॅटिम त्याच कुळातलं, पण अर्थ 'शब्दशः'. लेखी उताराही व्हर्बॅटिम असू शकतो.

धागाकर्ता
नोट व्हर्बाल भारीच! पण मग मेलमध्ये लिहू काय?

प्रतिसाद २
दोन्ही नकोत. फोनवर बोलला असाल तर 'ॲज डिस्कस्ड ओव्हर द फोन', समोरासमोर बोलला असाल तर 'इन पर्सन'. पुढे तारीखही टाका. उद्या कोणी 'असं ठरलंच नव्हतं' म्हणालं तर तीच कामाला येते.