शेवटच्या बसच्या आत: गाडी न नेता डोंगरवाटा

शहरातून बसने जायचं, डोंगरातली वाट चालायची आणि बसनेच परतायचं. गाडीवाल्याला गाडी लावली तिथेच परत यावं लागतं. बसवाल्यावर ते बंधन नाही, पण डोक्यावर शेवटच्या बसची टांगती तलवार असते. याबद्दल कामाचं तेवढंच इथे लिहिलंय: आकडे, क्रम, हमखास होणाऱ्या चुका. निसर्गवर्णन नाही.

उलटमोजणी
हिशेब शेवटाकडून करायचा. शेवट म्हणजे शेवटची बस नव्हे, तिच्या आधीची. शेवटची राखीव.
समजा शेवटची ६:४० ला आणि आधीची ५:१० ला आहे. थांब्यावर अर्धा तास आधी, म्हणजे ४:४० ला पोचायचं. वाट १२ किमी, एकूण चढ ६०० मीटर. विल्यम नाइस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाचं १८९२ मधलं गणित अजून चालतं: दर ५ किमीला एक तास, शिवाय दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. म्हणजे २ तास २४ मिनिटं अधिक १ तास. ही वेळ सवयीच्या आणि न थांबणाऱ्या माणसाची. वाट अनोळखी असेल किंवा सोबत चारपाच जण असतील तर पाव पट वाढवा, सव्वाचार तास होतात. बसणं, फोटो, नाडी बांधणं याला पाऊण तास. झाले पाच. म्हणजे ११:४० च्या आत चालायला लागायचं. सकाळची बस तिथे बाराला पोचत असेल तर वाट छोटी करा. 'जरा भरभर चालू' हा बेत नव्हे.

घसारा
वरच्या हिशेबात उतार फुकटात धरलाय. एरिक लँगम्यूर या ब्रिटिश गिर्यारोहकाने त्यात दुरुस्ती केली: ५ ते १२ अंशांच्या सौम्य उतारावर दर ३०० मीटरला १० मिनिटं वजा करा, १२ अंशांहून तीव्र असेल तर तेवढीच मिळवा. घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या दगडमातीच्या उतारावर, आणि ओल्या मुळांवर याहूनही जास्त लागतात. बस चुकते ती बहुतेकदा चढात नाही, शेवटच्या उतारात.

आरपार
बसचा खरा फायदा म्हणजे एका रस्त्याला उतरून डोंगर ओलांडायचा आणि पलीकडच्या रस्त्याला बस पकडायची. यात दिशा ठरवणं हे निम्मं काम. नियम साधा आहे: ज्या थांब्यावर दिवसाला तीनच बस येतात तिथून सुरुवात, आणि जिथे दर वीस मिनिटांनी येते तिथे शेवट. सकाळी तुम्ही बसची वेळ पाळू शकता. संध्याकाळी गुडघे काय म्हणतील ते कोण सांगणार? दोन्हीकडे सारख्याच बस असतील तर उंचावरच्या थांब्यावरून सुरू करा. फक्त तीव्र उतार अगदी शेवटाला येत असेल तर फेरविचार करा.
दुसरं, शेवट मधल्या थांब्याऐवजी बस जिथून सुटते तिथे असेल तर उत्तम. मधल्या थांब्यांच्या छापील वेळा अंदाजाच्या असतात, रस्ता मोकळा असला की बस आधीच निघून जाते. शिवाय ती भरून आलेली असते.
मोठी वाट तुकड्यांत चालायलाही ही पद्धत सोयीची. हाँगकाँगची मॅक्लेहोस वाट १०० किमीची, १९७९ मध्ये खुली झालेली, दहा टप्प्यांची. त्यातल्या काही टप्प्यांच्या टोकाशी बस मिळते, त्यामुळे एकेका सुट्टीला एकेक टप्पा उरकता येतो.

वेळापत्रक
बुधवारी बसून रविवारचा बेत आखताना ॲपमध्ये तारीख बदलायला लोक विसरतात आणि बुधवारच्या बस बघून खूश होतात. छापील तक्त्यात वेळेपुढची बारीक खूण वाचा: 'फक्त शाळेच्या दिवशी', 'सुट्टीखेरीज', 'फक्त मोसमात'. ॲपवरची वेळ बस कुठे आहे हे बघून सांगितलेली आहे की नुसत्या तक्त्यातली, हेही तपासा. दोन्ही एकाच रंगात दाखवणारी ॲप आहेत.
आणि सकाळी उतरल्यावर लगेच वाटेला लागू नका. परत त्याच ठिकाणी येणार असाल तर रस्ता ओलांडून समोरचा थांबा बघा. कधी तो दोनशे मीटर पुढे वळणामागे असतो. कधी पाटीच नसते. कधी बस गावाला वळसा घालून दोन्ही वेळा एकाच बाजूने येते. तिथल्या तक्त्याचा फोटो काढा. दोन मिनिटांचं काम.

नकाशा
थांबा ते वाटेचं तोंड हे अंतर बहुतेक जण मोजतच नाहीत. दोन किमी डांबरी म्हणजे पंचवीस मिनिटं, येताना पुन्हा तेवढीच. समोरून येणारी वाहनं दिसतील अशा बाजूने, एकामागोमाग एक चाला.
चढ नकाशावरूनच मोजा. समोच्च रेषांत (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांत) उंचीचं अंतर २० मीटर असेल तर दर पाचवी रेषा जाड असते, दोन जाड रेषांत १०० मीटर. मधेच उतरून पुन्हा चढावं लागत असेल तर तो चढही धरायचा. फक्त माथ्याची उंची वजा थांब्याची उंची केली की तिथेच हिशेब फसतो.
दिशादर्शक पाट्यांचंही तेच. स्वित्झर्लंडच्या पिवळ्या पाट्यांवर अंतराऐवजी वेळ लिहिलेली असते, पण ती विश्रांती न धरता.
फोन विमान मोडवर ठेवा. उपग्रहाचे संकेत तरी मिळतात, नकाशा मात्र आधी उतरवून घेतलेला हवा. रेंज शोधण्यातच बॅटरी संपते.

पाठपिशवी
गाडी नाही म्हणजे डिकी नाही. जे न्याल ते दिवसभर पाठीवर. २० ते २५ लिटरची पिशवी पुरते आणि बसमध्ये मांडीवर मावते. पाणी तासाला अर्धा लिटर, उन्हात जास्त. पाच तासांचं अडीच लिटर म्हणजे अडीच किलो वजन. काठ्या मिटवून टोकांना रबरी टोप्या लावा. पावसात पिशवीचं आवरण बसमध्ये चढण्याआधी काढून झटका, नाहीतर शेजारच्याच्या मांडीवर पाणी गळतं.
कोरडा शर्ट आणि कोरडे मोजे हवेतच. घामेजल्या अंगाने तासभर खिडकीशी बसल्यावर जी थंडी वाजते ती डोंगरावरही वाजत नाही.

बस चुकली तर
बस चुकलीच तर काय, हे निघण्याआधी लिहून ठेवा: दुसऱ्या रस्त्यावरचा थांबा, भाड्याच्या गाडीचा नंबर, थोडी रोकड. वाटेच्या मध्यावर एक पळवाट हेरून ठेवा आणि तिथल्या फाट्याला वेळ नेमा. 'दोन वाजेपर्यंत इथे पोचलो नाही तर खाली.'
डोक्याचा दिवा उन्हाळ्यातही. विषुववृत्ताजवळ सूर्य बुडाल्यावर वीस-पंचवीस मिनिटांतच अंधारतं, झाडीत त्याहून लवकर. मदत मागायला शिट्टी हवी: मिनिटाला सहा वेळा, मग मिनिटभर थांबून पुन्हा. ऐकणाऱ्याचं उत्तर मिनिटाला तीन.
अंधारात बसला हात करताना दिवा ड्रायव्हरच्या तोंडावर मारू नका, स्वतःच्या पोटावर किंवा जमिनीवर धरा. आणि वळणाच्या तोंडाशी उभं राहू नका, दिसेपर्यंत बस पुढे गेलेली असते.