आईची केमो सुरू होतेय, पुण्यात मदत कुठे मिळेल?

कोथरूडकर: आईला ब्रेस्ट कॅन्सर निघालाय, पुढच्या आठवड्यात पहिली केमो. पैशाचं तर टेन्शन आहेच पण घरी नक्की काय सांभाळायचं तेही कळत नाहीये, कुणी यातून गेलंय का?

वारजेवाली: ताई आधी हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला (सरकारी आरोग्य योजनेचा मदतनीस) भेटा, रेशनकार्ड आणि आधार घेऊन. सरकारच्या महात्मा फुले आरोग्य योजनेत केमो, रेडिएशन, सर्जरी बसते, फक्त हॉस्पिटल यादीत हवं. आणि केमोनंतर ताप १००.४ च्या वर गेला तर क्रोसिन देऊन सकाळची वाट बघू नका, रात्री दोन वाजले असले तरी निघा, पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असतात, इन्फेक्शन पटकन वाढतं. आम्ही बाबांच्या वेळी थांबलो आणि आयसीयू बघावं लागलं, म्हणून जीव तोडून सांगतेय.

हडपसर_दादा: वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर (म्हणजे आजारातला त्रास कमी करणारी काळजी) सेंटर आहे, १९९७ पासून, मोफत. लोकांना वाटतं तिथे फक्त शेवटी जायचं, तसं नाहीये हो, दुखणं, उलट्या, मनाचा त्रास यासाठी ट्रीटमेंट चालू असतानाही जाता येतं.

कोथरूडकर: खूप आभार दोघांचे, थर्मामीटर आजच आणते.