श्रूजबेरी की श्रोझबरी? ब्रिटिश गावांची नावं मराठीत लिहिताना

प्रश्न : पुण्यात कयानीची बिस्किटं खाताना 'श्रूजबेरी' हे एखाद्या फळाचं नाव असेल असंच वाटायचं. इंग्लंडला राहायला आल्यावर कळलं की ते श्रॉपशरमधलं एक गाव आहे. बर्मिंगहॅमहून वुल्व्हरहॅम्टन, टेलफर्डमार्गे तिकडे गाडी जाते. त्या गाडीत एकाच्या तोंडून 'श्रूझबरी' ऐकलं, दुसऱ्याच्या तोंडून 'श्रोझबरी'. खरा उच्चार कोणता धरायचा? आणि मराठीत काय लिहायचं?

उत्तर : दोन्ही चालतात. यावर त्या गावातच एकमत नाही. बाजारात 'श्रू' पुष्कळ ऐकू येतं, तर चार्ल्स डार्विन ज्या शाळेत शिकला तिचं नाव बरेच जण 'श्रोझबरी स्कूल' असं घेतात. हा 'श्रो' नुसता तोरा नव्हे. 'शिवणे' या अर्थाचा इंग्रजी शब्द एस-ई-डब्ल्यू असा लिहितात आणि 'सो' असा म्हणतात. 'दाखवणे' या अर्थाचा 'शो'देखील एकेकाळी ओ-डब्ल्यूऐवजी ई-डब्ल्यू घालून लिहीत असत. तीच जुनी लेखनपद्धत या गावाच्या नावात टिकून आहे.

मला मात्र पहिल्या अक्षरापेक्षा शेवटचं 'बरी' मोलाचं वाटतं. त्याचा फळाशी काही संबंध नाही. जुन्या इंग्रजीत 'बुर्ह' म्हणजे तटबंदीचं ठिकाण, आपल्या गढीसारखं. सॉल्झबरी आणि कँटरबरीतला 'बरी' तोच, आणि लफबरातला 'बरा'ही त्याच कुळातला. श्रूझबरीला सेव्हर्न नदीचा जवळजवळ पूर्ण वेढा आहे, मधल्या उंचवट्यावर जुनं गाव. तिथे गेलं की नावाचा अर्थ डोळ्यांनीच कळतो. म्हणून बिस्किटांपुरतं 'श्रूजबेरी' राहू द्यावं, ते आता पुण्याचंच झालं आहे. गावाबद्दल लिहिताना मात्र 'श्रूझबरी' लिहावं.

शंका : पण मग स्पेलिंगवरून 'लीसेस्टर', 'वॉर्सेस्टर' वाटणाऱ्या लेस्टर, वुस्टर यांचं काय? त्या नावांतली निम्मी अक्षरं गेली कुठे?

उत्तर : इंग्रजीत अशा नावांचा आघात, म्हणजे उच्चारातला जोर, बहुधा नावाच्या पहिल्या भागावर पडतो, मागचे भाग दबत जातात. नावं पिढ्यान् पिढ्या झिजत राहिली. दुसरीकडे 1476 मध्ये कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टरला छापखाना घातला आणि त्यानंतर हळूहळू स्पेलिंग गोठत गेलं. बोलणं पुढे गेलं, लिखाण मागे राहिलं. त्या मागे राहिलेल्या अक्षरांत केवढा इतिहास आहे! लॅटिनमध्ये छावणीला 'कास्त्रा' म्हणत. रोमन लोक गेल्यावर इंग्रजांनी त्याचं 'चेस्टर' केलं. मँचेस्टर, विंचेस्टरमध्ये ते ठळक ऐकू येतं, उत्तरेत लँकस्टर आणि डाँकस्टरमध्ये त्याचा 'कस्टर' झाला, आणि लेस्टर, ग्लॉस्टर, बिस्टरमध्ये नुसता 'स्टर' उरला. सायरनसेस्टर हे गाव तेवढं आज पूर्ण उच्चारलं जातं. म्हणजे नियम पाठ करून भागत नाही, गावच्या माणसाला विचारावंच लागतं, आणि इथली माणसं ते अगदी आनंदाने सांगतात.

'हॅम'चंही तसंच. त्याचा मूळ अर्थ घर, वस्ती. बोलण्यात 'बर्मिंगम', 'नॉटिंगम'. अमेरिकेत अलाबामातल्या बर्मिंगहॅमचा 'हॅम' मात्र स्पष्ट उच्चारतात.

वेगळं मत : उच्चाराप्रमाणे लिहायचं हे तत्त्व मला पूर्णपणे मान्य नाही. थेम्सला इथे 'टेम्झ' म्हणतात, त्यातला एच कधीच उच्चारला जात नव्हता. तरी मराठी वाचकाला 'थेम्स'च ओळखीची. आणि देवनागरी तरी कुठे तंतोतंत उच्चार दाखवते? लिहितो 'बदलापूर', म्हणतो 'बद्लापूर'.

उत्तर : रूढ नावांना हात लावू नये, हे मान्य. थेम्स, बर्मिंगहॅम, एडिंबरो राहू द्यावीत. माझं म्हणणं आहे ते नव्याने मराठीत येणाऱ्या नावांबद्दल. प्रवासवर्णनात 'लीसेस्टर', 'वॉर्सेस्टर' छापलेलं वाचून कुणी ते तसंच विचारलं, तर समोरच्याला चटकन उमगणार नाही. इंग्रजांनी आपल्या खडकीचं 'किरकी' केलं आणि 1817 ची लढाई त्यांच्या पुस्तकांत त्याच नावाने गेली. शीवचं 'सायन' तर आपल्याच तोंडी बसलं. आपल्या लिपीला 'लेस्टर', 'वुस्टर' लिहायला काहीच अडचण नाही, मग त्यांची नावं आपण का बिघडवावीत?

पुरवणी : 'शायर'चंही लक्षात असू द्या. सुटा शब्द 'शायर', पण नावाच्या शेवटी आला की 'शर' : यॉर्कशर, लँकशर. स्वयंपाकघरातल्या त्या काळ्या सॉसला तर इथे बहुतेक जण 'शर'ही न लावता नुसतं 'वुस्टर सॉस' म्हणतात.