राजगीरला करंडक जिंकून आलेल्या भारतीय महिला हॉकी संघाने २०२५ मध्ये अपेक्षा पूर्ण केल्या का?

फलटणकर
नोव्हेंबर २०२४ मध्ये बिहारमधल्या राजगीरला आपल्या पोरींनी आशियाई चॅम्पियन्स करंडक जिंकला. पॅरिस ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक मिळवणाऱ्या चीनला एकाच स्पर्धेत दोनदा हरवलं, साखळीत ३-० आणि फायनलला १-०. दीपिकाने एकटीने ११ गोल केले. पॅरिसला पात्रच न ठरल्याचं दुःख तेव्हा कुठे हलकं झालं, आणि या मोसमाकडून आपण सगळ्यांनीच मोठी आशा धरली.

पुढे काय झालं? जगातल्या अव्वल संघांच्या प्रो लीगमध्ये युरोप दौऱ्यात आठ सामने, एकही विजय नाही. तळाला राहून थेट खालच्या श्रेणीच्या नेशन्स कपमध्ये घसरण. आता सप्टेंबर २०२५ मध्ये चीनमधल्या हांगझाऊला आशिया कपच्या फायनलमध्ये त्याच चीनकडून १-४. जिंकलो असतो तर २०२६ च्या विश्वचषकाचं तिकीट तिथेच हातात होतं.

या संघातली वैष्णवी फाळके फलटण तालुक्यातल्या आसूची, ऋतुजा पिसाळ आपल्या फलटणची. दोघींचा अभिमान आहेच. पण आपल्या पोरी आहेत म्हणून निकालाबद्दल गप्प बसायचं, हे मला पटत नाही. संघ अपेक्षेला उतरलेला नाही.

माणदेशी
दादा, अर्धंच सांगितलंत. आशिया कपला सविता नव्हती, दीपिका नव्हती. दोघीही दुखापतीमुळे बाहेर. म्हणजे सगळ्यात अनुभवी गोलकीपर आणि मुख्य ड्रॅगफ्लिकर (पेनल्टी कॉर्नरवर चेंडू गोलात फेकणारी), दोन्ही जागा रिकाम्या. तरी फायनल गाठली.

आणि कोणाच्या जोरावर? कोरियाला ४-२ ने हरवलं, त्यात दुसऱ्याच मिनिटाला वैष्णवीचा गोल आणि ५९ व्या मिनिटाला ऋतुजाचा. साखळीत जपानविरुद्धही पहिला गोल ऋतुजाचाच. याच हांगझाऊत २०२३ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत चीनने सेमीफायनलला आपल्याला ४-० ने धुतलं होतं, तेव्हा ब्राँझवर समाधान मानावं लागलं. यंदा रौप्य आहे. याला घसरण म्हणायचं?

फलटणकर
दुखापती सगळ्याच संघांना होतात. एक मुलगी बसली की पेनल्टी कॉर्नरचा धाकच संपतो, हीच तर माझी तक्रार आहे. दुसरी फळी तयार करणं हे याच मोसमाचं काम होतं. आणि युरोपचा हिशोब तुम्ही टाळलात.

कृष्णाकाठ, सांगली
युरोपचं मी सांगतो. ऑस्ट्रेलियाशी २-३ आणि १-२. हे काही धुव्वा उडालेले सामने नव्हेत. फरक पडला तो शेवटच्या टप्प्यात.

हांगझाऊच्या फायनलचंच घ्या. पहिल्याच मिनिटाला आपल्या नवनीतने कॉर्नरवर गोल केला. २१ व्या मिनिटाला चीनची बरोबरी. चाळीस मिनिटं संपली तेव्हा १-१. मग ४१, ५१ आणि ५३ व्या मिनिटाला चीनचे गोल. बारा-तेरा मिनिटांत सामना गेला. चीनकडे ताज्या दमाच्या खेळाडू आत-बाहेर करूनही वेग तोच राहतो, आपला चौथ्या क्वार्टरला उतरतो. माझ्या मते हा प्रश्न ड्रॅगफ्लिकपेक्षा मोठा आहे, आणि त्याचं खापर फॉरवर्डवर फोडणं अन्याय होईल. फलटणकरांशी मी निकालापुरता सहमत आहे, कारणाबाबत अजिबात नाही.

वाईची मावशी
माझी भाची शाळेच्या संघात खेळते. सराव मुरमाच्या मैदानावर. चेंडू खड्याला लागून उडतो, म्हणून पोरी तो आधी थांबवतात, मग मारतात. हीच पोर जिल्ह्याबाहेर पाणी मारलेल्या टर्फवर (कृत्रिम गवताच्या मैदानावर) गेली की चेंडू स्टिकखालून सटकतो. थांबवायची सवय मोडायलाच तिचा सगळा वेळ जातो. वैष्णवी, ऋतुजा, वाखरीची अक्षता ढेकळे यांना पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत जावं लागलं तेव्हा त्या पुढे आल्या. अपेक्षा मोठ्या ठेवा, पण लहान वयात टर्फ न देता त्या कुठून पूर्ण होणार?

फलटणकर
मावशी, मैदानाचं तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं, त्यासाठी तालुक्यात मागणी करू, मी बरोबर आहे. पण राजगीरला जिंकला तो संघही याच व्यवस्थेतून आला होता. तेव्हा जमलं, म्हणूनच यंदाची नाराजी आहे.

माणदेशी
मग त्या अकरा गोलांची दीपिका परत आल्यावर विश्वचषकाच्या पात्रता फेरीत संघ कसा खेळतो ते बघू या. २०२२ ला स्पेनला हरवून नेशन्स कप जिंकूनच आपण प्रो लीगमध्ये आलो होतो, तो रस्ता या पोरींना ठाऊक आहे. तोवर मी तरी त्यांना नापास म्हणणार नाही.

फलटणकर
म्हणू नका. पण पात्रता फेरीतही शेवटचं क्वार्टर असंच गेलं, तर विश्वचषक आपण घरी बसून बघू. पॅरिसच्या वेळी रांचीत जपानकडून ०-१ ने हरलो, तेव्हा ऑलिंपिकही असंच घरी बसून बघावं लागलं होतं. तो दिवस परत नको, एवढ्यासाठीच आत्ता बोलतोय.