मदत हवी आहे: स्वीडनमधलं ‘डोल्क’ आडनाव

नमस्कार मंडळी. माझं सासर स्वीडनमध्ये, स्मोलांड भागातलं. आजेसासूबाईंचं माहेरचं आडनाव डोल्क. अर्थ खंजीर! त्यांच्या जुन्या बायबलच्या पहिल्या पानावर, तपकिरी पडलेल्या शाईत, पणजोबांच्या नावापुढे ‘सोल्दात’ म्हणजे शिपाई असं लिहिलंय. तिथूनच मला हा नाद लागला.

एवढं कळलंय की १६८२ पासून तिथे काही शेतं मिळून एक शिपाई पोसायची. त्याला झोपडी नि जमिनीचा तुकडा मिळे. शिपायांच्या तुकडीत अँडरसन-योहान्सन यांची इतकी गर्दी की हाक मारायला छोटं, वेगळं नाव द्यायचे: रास्क म्हणजे चपळ, शोल्ड म्हणजे ढाल. बऱ्याचदा ते नाव झोपडीलाच चिकटायचं, पुढचा शिपाईही तेच घ्यायचा. माझी अडचण नेमकी हीच. दोन डोल्क घराणी एका रक्ताची असतीलच असं नाही. आपल्याकडे एका गावचे सगळे ‘कर’ कुठे एकमेकांचे भाऊबंद असतात?

आज किती डोल्क आहेत, ते सरकारी सांख्यिकी खात्याच्या नावशोधात सापडेल. मला मात्र १९०० च्या सुमाराचा आकडा हवाय. जुन्या जनगणनेत नुसत्या आडनावाने शोधता येतं का? आणि पलटणीच्या हजेरीपटात झोपडीचा क्रमांक कुठल्या रकान्यात असतो? कुणी असे कागद वाचले असतील तर कृपया सांगा. आजी ९१ वर्षांच्या आहेत, त्यांना हे वाचून दाखवायचंय.