विज्ञान संग्रहालयात मुलांसोबत काम: तुमचे अनुभव लिहा

धागाकर्ती

मुंबईत विज्ञानाची सहल म्हटली की वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र आणि तारांगण ही नावं ठरलेली. 1985 साली उद्घाटन झालेल्या त्या केंद्रात आधी आई-वडील आणि मग त्यांची मुलं, अशा दोन पिढ्या जाऊन आल्या. मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आणि चुनाभट्टीची मराठी विज्ञान परिषदही आहेतच. पण अशा संस्थांमधला शिक्षण आणि संपर्काचं काम बघणारा माणूस दिवसभर करतो काय, हे बाहेर फारसं कुणाला ठाऊक नसतं. शाळांच्या तारखा लावणं, शिक्षकांच्या कार्यशाळा, मे महिन्यातली शिबिरं, वस्त्यांमधले कार्यक्रम, 28 फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाची धावपळ. मी हेच काम करते. तुम्ही करत असाल, केलं असेल, किंवा पालक-शिक्षक म्हणून बघितलं असेल तर इथं लिहा. संस्थेचं नाव नाही लिहिलं तरी चालेल.

सुरुवात मी करते. नोव्हेंबर ते जानेवारी सहलींचा मोसम. एका सकाळी चार-चार शाळा. बाई ओरडत असतात 'हात लावू नका', आणि आमच्या पाटीवर लिहिलेलं असतं 'हात लावून पाहा'. ब्लोअरच्या झोतावर तरंगणारा चेंडू बऱ्याच जणांनी बघितला असेल. झोत थोडा तिरका केला तरी चेंडू पडत नाही. सहावीतली एक मुलगी रांग सोडून तिथंच थांबली. झोत हळूहळू वाकवत नेला, चेंडू कुठे पडतो ते बघितलं, पुन्हा सरळ केला, मग दुसऱ्या बाजूला वाकवला. बाई हाका मारत होत्या. म्हटलं, "राहू दे हिला, मी आणून सोडते." तेवढ्यात तिनं विचारलं, "ताई, जड चेंडू असला तर लवकर पडेल का?" मी स्टोअरमधून दोन वेगळे चेंडू आणून तिच्या हातात दिले. बाकीची गॅलरी तिनं बघितलीच नाही, आणि माझ्या मते त्या दिवशी सगळ्यात जास्त तिनंच बघितलं. मुलाला एका वस्तूपाशी पुरेसा वेळ मिळावा, यासाठी मी शाळांशी कायम भांडत आले आहे.

माजी गॅलरी मार्गदर्शक, डोंबिवली

वेळेबद्दल अगदी सहमत. फुकोचा लंबक, म्हणजे पृथ्वी स्वतःभोवती फिरते हे दाखवणारा लांब तारेवरचा जड गोळा, समजावताना हे फार जाणवायचं. ध्रुवावर त्याच्या झोक्याची दिशा दिवसभरात पूर्ण फिरते, पण मुंबई 19 अक्षांशावर, इथं ती तासाला जेमतेम पाच अंश सरकते. पूर्ण फेऱ्याला तीन दिवसांहून जास्त. दहा मिनिटं बघणाऱ्याला काय दिसणार? म्हणून मी आल्या आल्या मुलांकडून जमिनीवर खडूनं रेघ मारून घ्यायचो आणि दोन तासांनी बसकडे जाताना पुन्हा तिथं न्यायचो. झोका रेघेवरून हटलेला दिसला की त्यांना आधी वाटायचं, कुणीतरी धक्का मारला.

आणखी एक मनापासून सांगतो. मी होतो तिथं करार अकरा महिन्यांचा. मुलांशी कसं बोलायचं हे कळायला लागतं तोवर माणूस बाहेर. पुढच्या मोसमाला नवे चेहरे. पगारापेक्षा याचंच दुःख जास्त होतं.

विज्ञान शिक्षिका, गोवंडी

शिक्षकांची बाजू मांडते. तिकीट परवडतं, बसचं भाडं परवडत नाही. म्हणून दोन वर्षांतून एकदा सहल, आणि मग एका दिवसात सगळं दाखवायचा आटापिटा. आम्ही घाई का करतो ते यातून कळेल.

पण संग्रहालयातल्या एका मॅडमनी शिक्षकांच्या कार्यशाळेत दिलेली कल्पना मला फार उपयोगी पडली. शून्य सावलीचा दिवस, म्हणजे भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येऊन सरळ उभ्या वस्तूची सावली नाहीशी होते तो दिवस, मुंबईत साधारण 15 मे आणि 28 जुलैला येतो. मेमध्ये शाळा बंद, जुलैत ढग. मॅडम म्हणाल्या, "मुलं मेमध्ये गावाला जातात ना? मग गावीच करू द्या." प्रत्येकाला पुठ्ठ्याची सरळ नळी दिली आणि मे महिनाभर, जमेल त्या दिवशी, दुपारी बारा ते एकच्या दरम्यान सगळ्यात लहान सावली मोजून तारीख लिहायला सांगितली.

जूनमध्ये वह्या आल्या. रत्नागिरीच्या मुलाची सावली मुंबईच्या आठवडाभर आधीच नाहीशी झालेली. धुळ्याच्या मुलाची मुंबईनंतर. आणि आझमगडला गेलेल्या मुलीनं लिहिलं होतं, "मॅडम, रोज पाहिलं, सावली गेलीच नाही." तिला वाटलं, तिचं चुकलं. मी भिंतीवर नकाशा लावला आणि कर्कवृत्तावर बोट ठेवायला तिलाच पुढे बोलावलं. आझमगड त्याच्या उत्तरेला, तिथं सूर्य कधीच बरोबर डोक्यावर येत नाही. वर्गातली सगळ्यात महत्त्वाची नोंद तिची ठरली. या सगळ्याला बसभाड्याचा एक रुपया लागला नाही.

वस्त्यांमधून काम करणारा, विक्रोळी

26 डिसेंबर 2019 चं सूर्यग्रहण. केरळ-तमिळनाडूत कंकणाकृती, आपल्याकडे खंडग्रास. आम्ही सकाळीच वस्तीत पोचलो तर दारं लावलेली, पाण्यावर तुळशीपत्रं, पोरं आत. वाद घालायचा नाही हे आधीच ठरवलं होतं. छोट्या आरशावर काळा कागद चिकटवून त्याला बोटाच्या पेराहून लहान भोक पाडलं आणि कवडसा गल्लीतल्या भिंतीवर टाकला. दहा मीटरवर सूर्याची साधारण नऊ सेंटीमीटरची प्रतिमा पडते. तिचा खाल्लेला भाग स्पष्ट दिसत होता. एका आजींनी दार किलकिलं करून विचारलं, "भिंतीवर बघितलं तर चालतं का?" म्हटलं, "आजी, भिंतीकडेच बघायचं, वर नाही." मग त्या बाहेर आल्या, आणि त्यांच्यामागे त्यांची नातवंडं.

पालक, मुलुंड

मुलाच्या शिबिरात बकऱ्याचा डोळा कापून दाखवणार होते. आम्ही शाकाहारी. तिथल्या ताईंनी आधी फोन करून विचारलं, नको असेल तर मॉडेलवर शिकवते म्हणाल्या. हे विचारणं मला फार आवडलं. मुलगा स्वतःहून बसला. डोळ्यातलं भिंग काढून वर्तमानपत्रावर ठेवल्यावर अक्षरं मोठी दिसली, हे त्यानं घरी दहा वेळा सांगितलं. आजोबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरांनी नेमकं काय काढलं आणि त्या जागी काय बसवलं, ते त्यांना नातवाकडून समजलं.

बी.एस्सी. भौतिकशास्त्र, शेवटचं वर्ष

मला हे काम करायचं आहे. काय लागतं?

धागाकर्ती

पदवी तर हवीच, काही ठिकाणी एम.एस्सी. किंवा बी.एड. मागतात, जाहिरात नीट वाच. मराठी आणि हिंदी, दोन्ही सहज बोलता यायला हव्यात. महापालिकेच्या शाळा आठ माध्यमांच्या आहेत, एकाच दिवसात उर्दू आणि तमिळ माध्यमाची मुलं समोर येऊ शकतात. आधी सुट्टीच्या दिवशी स्वयंसेवक म्हणून उभा राहून बघ. मे महिन्याच्या शिबिरांसाठी माणसं शोधणं आधीच सुरू होतं, त्यामुळे मार्चमध्येच चौकशी कर.