मदत हवी आहे: राइट बंधूंचा वाऱ्याचा बोगदा वर्गात कसा करावा?

नमस्कार मंडळी. आठवीच्या मुलांना विमान कसं उडतं ते शिकवतेय. 'पंखावरची हवा लांबून जाते म्हणून वेगाने पळते आणि खालच्या हवेला गाठते' हे स्पष्टीकरण मी कधीच सोडलंय, कारण ते चूकच आहे. शिवाय एका मुलीने विचारलंच, "मग विमान उलटं कसं उडतं?"

म्हणून इतिहासातून जायचं ठरवलं. ग्लायडर (इंजिन नसलेलं विमान) उडवणारा जर्मन संशोधक लिलिएंथाल 1896 मध्ये ग्लायडर कोसळून गेला. पंखांबद्दलच्या त्याच्या आकडेवारीवर विसंबून राइट बंधूंनी 1901 मध्ये ग्लायडर केलं, पण उचल (हवा पंखाला वर ढकलते ते बल) अपेक्षेपेक्षा फारच कमी मिळाली. मग त्यांनी वाऱ्याचा बोगदा म्हणून सहा फूट लांब लाकडी खोका केला, एका टोकाला हवा सोडणारा पंखा बसवला आणि विमानाच्या पंखांचे जवळजवळ दोनशे छोटे नमुने तपासले. उचल मोजायचा तराजू हॅकसॉच्या (लोखंड कापायच्या करवतीच्या) पात्यांचा आणि सायकलच्या तारांचा! हे ऐकून मुलं खूश, आता त्यांना तेच करायचंय.

पुठ्ठ्याचा खोका आणि टेबल फॅन जमला. हवा गोल फिरत येते म्हणून तोंडाशी स्ट्रॉ चिकटवून जाळी केली, थोडा फरक पडला. पंख स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर उभा केला तर आकडा कमी होतो, पण स्थिर राहत नाही.

काटा खोक्याबाहेर ठेवून पंख आत कसा टांगावा? आणि उचल व हवेचा अवरोध वेगवेगळे मोजता येतील अशी स्वस्त जुळणी कोणी केली आहे का? फोटो असेल तर फारच बरं.